मदत हवी आहे: क्लबचा सामानाचा ट्रेलर चोरीपासून कसा वाचवायचा?

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजच्या खगोल क्लबचा एक बंद पेटीचा, दोन चाकांचा ट्रेलर आहे. दोन डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरच्या दुर्बिणी (एक ८ इंची, एक १० इंची), ट्रायपॉड, आयपीसची (डोळ्याजवळच्या भिंगांची) पेटी, बॅटऱ्या, घडीच्या खुर्च्या, ताडपत्र्या असा सगळा संसार त्यात बाराही महिने असतो. क्लबला खोली नाही, त्यामुळे ट्रेलर हेच आमचं कोठार. वसतिगृहामागच्या पार्किंगच्या कोपऱ्यात तो उभा असतो.

गेल्या आठवड्यात सकाळी गेलो तर मागच्या दाराच्या कुलपाच्या कडीवर समोरासमोर दोन खाचा. बोल्ट कटरच्या जबड्याच्या. कडी तुटली नव्हती, पण कोयंडा वाकून पत्र्यापासून बोटभर सुटला होता. सामान सगळं जागेवर. रखवालदाराला काही दिसलं नाही, आणि त्याचा दोषही नाही, त्याची खुर्ची इमारतीच्या पुढच्या अंगाला असते.

ते कुलूप बघता बघता लक्षात आलं की पुढच्या हुकाला तर आम्ही काहीच लावलेलं नाही. कुणी जीप मागे घेऊन आख्खा ट्रेलरच नेला असता! पोटात गोळा आला.

पैसे वर्गणीतून येतात, म्हणजे फार नाहीत. जमिनीत काही रोवायला परवानगी नाही. पहिला खर्च कशावर करू? ट्रॅकरचा खरंच उपयोग होतो का?

प्रतिसाद

आधी फुकटचं काम. ट्रेलर उलटा लावा. मागचं दार भिंतीला इतकं चिकटवा की उघडायला हातभरही जागा उरणार नाही. दार बाजूलाही असेल तर ते उजेडाकडे येऊ द्या.

मग चाक. लोक हुकाचं कुलूप आणतात आणि निर्धास्त होतात. हुकात गाडीमागचा जोडणीचा गोळा बसू नये म्हणून ते कुलूप असतं, पण ट्रेलरच्या स्वतःच्या साखळ्या गाडीला बांधून चोर तो फरफटत नेऊ शकतो. चाकाला जॅमर (चाक फिरू न देणारं कुलूप) असेल तर फरफटणं अवघड होतं. जॅमर घेताना चाकाचे नट झाकणारा घ्या. नट उघडे राहिले तर चाकच काढून दुसरं बसवायला किती वेळ लागतो? हुकाचं कुलूपही लावाच, पण दुसऱ्या नंबरावर.

सुट्टीत महिनाभर हलवायचा नसेल तर दोन्ही चाकं काढून ट्रेलर स्टँडवर ठेवा आणि चाकं कुणाच्या तरी खोलीत ठेवा. दिसायला भिकार, पण याहून पक्का उपाय मला तरी माहीत नाही.

प्रतिसाद

तुमचं कुलूप टिकलं, कोयंडा हरला. यातच उत्तर आहे. कोयंडा कशाने बसवलाय? स्क्रू असतील तर कुलूप कितीही भारी घ्या, पहारीच्या एका हिसक्यात सगळं हातात येतं. बिजागऱ्याही बघा. पिना बाहेरून ठोकून काढता येतात का?

कुलूप गोल, चकतीसारखं घ्या. त्याची कडी जवळजवळ पूर्ण आत लपलेली असते, बोल्ट कटरला तोंड घालायला जागाच मिळत नाही. पॅकिंगवर ईएन १२३२० हे युरोपीय मानक लिहिलं असेल तर श्रेणी बघा. १ ते ६ असतात, ६ सर्वांत मजबूत. मात्र बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे काहीच कायमचं टिकत नाही. आपण विकत घेतो ती मिनिटं आणि आवाज.

धागाकर्ता

आत्ताच टॉर्च घेऊन बघून आलो. कोयंड्याला चार स्क्रू, त्यातला एक हाताने फिरतोय. 🤦 बिजागऱ्यांचे नट चक्क बाहेरच्या बाजूला. म्हणजे कुलपाला हात न लावताही दार उतरलं असतं. वेल्डरला बोलावलंय: नवा कोयंडा, बाहेर गोल डोक्याचे बोल्ट, नट आतून, पिनांना वेल्डिंगचा टाका.

प्रतिसाद

ट्रॅकरबद्दल. एअरटॅग (ॲपलचा छोटा ट्रॅकर) स्वस्त, नाण्यासारखी बॅटरी साधारण वर्षभर जाते. पण तो आसपासच्या आयफोनसारख्या ॲपलच्या उपकरणांच्या भरवशावर चालतो. शिवाय टॅग लपवून कुणाचा पाठलाग होऊ नये म्हणून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही 'अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतोय' असं फोनवाल्याला कळवतात. तो फोनवाला चोरही असू शकतो! सिमवाला जीपीएस जास्त कामाचा, फक्त पत्र्याच्या पेटीत खोल ठेवू नका, सिग्नल अडतो. प्लॅस्टिकच्या दिव्याच्या घरामागे वगैरे जागा शोधा, आणि चार्जिंग कुणाकडे हे ठरवा. ट्रेलर गेलाच तर ठिकाण पोलिसांना द्या, स्वतः पाठलागाला निघू नका.

आज रात्रीच करण्यासारखं: चासी नंबरचा फोटो, प्रत्येक दुर्बिणीचा आणि आयपीसचा फोटो, असतील तिथे सिरियल नंबर. नळीच्या आतल्या बाजूला क्लबचं नाव कोरून ठेवा. आणि विमा असेल तर नीट वाचा. ट्रेलरचा विमा म्हणजे आतल्या सामानाचा विमा, असं गृहीत धरू नका.

प्रतिसाद

कुणी विचारलं नाही म्हणून मी विचारतो. चाव्या किती आहेत आणि कुणाकडे? विद्यार्थ्यांच्या क्लबात दरवर्षी कमिटी बदलते, कुलूप तेच राहतं.

आणि अमावस्येच्या आसपास तुम्ही बाहेर जाणार हे सगळ्यांना ठाऊक. परतल्यावर थकलेले असता, सामान तसंच आत टाकून झोपायला जाता. आम्ही गिर्यारोहणवाले तेच करायचो. उघड्या ट्रेलरसमोर सगळं सामान मांडून काढलेले फोटो टाकत असाल तर तेही थांबवा.

धागाकर्ता

हा प्रश्न येऊ नये असं वाटत होतं. जुन्या वहीत सात चाव्या केल्याची नोंद आहे, हातात आहेत तीन. फोटोंचं म्हणाल तर आमच्या पानावर सर्वांत वरचा फोटोच तो होता. काढला.

ठरलेलं सांगतो. ट्रेलर उलटा लावून झाला. आयपीसची पेटी आता खोलीत कपाटात, कारण महाग सामान तेच आणि उचलायला सोपंही तेच. वर्गणीतून आधी कोयंडा आणि गोल कुलूप, मग चाकाचा जॅमर. ट्रॅकर पुढच्या सत्रात. नव्या कुलपाच्या चाव्या दोनच, आणि घेणाऱ्याची सही वहीत.

ता. क. माजी सदस्यांच्या ग्रुपवर चाव्या परत मागितल्या. एकाने लगेच फोटो टाकला: 'ही तीन वर्षं माझ्या जुडग्यात आहे. कशाची आहे?'