विंडोज १० गेलं, आता काय? सोलापूरकरांनो, लिनक्सचे खरे अनुभव सांगा

सातरस्ता

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. माझा लॅपटॉप २०१५ चा, पाचव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे माझं मशीन दारातच अडलं. दुकानदार म्हणाला, "भंगारात घाला सर, एक्स्चेंजमध्ये नवा देतो." बॅटरी सोडली तर सगळं ठणठणीत, भंगारात कशाला घालू?

दिवाळीच्या सुट्टीत लिनक्स मिंट २२ टाकलं (लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, मिंट तिचा एक प्रकार), हलकी एक्सएफसीई वाली आवृत्ती. सोबत २४० जीबीची एसएसडी बसवली. खरं सांगायचं तर निम्मी जादू एसएसडीची आहे, मिंटची नाही. तरी ब्राउझर, यूट्यूब, मुलाचे पीडीएफ, घरचा जमाखर्च हे सगळं बिनतक्रार चालू आहे.

एकच भानगड. वडिलांसाठी विंडोजही शेजारी ठेवलंय. मी लिनक्स वापरून बंद केलं आणि वडिलांनी सकाळी साडेआठला विंडोज उघडलं, की घड्याळात पहाटेचे तीन. बरोबर साडेपाच तास मागे.

तुमचं मशीन कोणतं, काम काय, कुठं अडलं, ते लिहा. लिनक्स किती थोर हे नको, ते ऐकून झालंय. प्रिंटर चालला का ते सांगा.

हिशोबनीस

मी परत फिरलेला माणूस आहे, म्हणून आधी लिहितो.

जीएसटीचं काम करतो. ऑफिसच्या एका मशीनवर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच आणखी एक प्रकार, टाकून दोन महिने काढले. हिशोबाचं सॉफ्टवेअर विंडोजचंच, ते वाईनमधून (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) उघडलं, व्हाउचर एंट्रीही झाली, पण बिल छापायला गेलो की उजवीकडचा आकड्यांचा रकाना कागदाबाहेर. तेही चालवून घेतलं असतं. मेलो ते डिजिटल सहीच्या टोकनपाशी. टोकनचा लिनक्स ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर होता, टाकलाही, टोकनचा दिवा लागला, पासवर्ड विचारला, आणि सही करायच्या वेळी पोर्टलला टोकन दिसेना. तारीख २०, रात्रीचे साडेदहा. शेजारच्या ऑफिसातून विंडोजचा लॅपटॉप मागून आणला आणि रिटर्न भरलं.

घरी डेबियन आहे, तेही लिनक्सच, मजेत आहे. ऑफिसात माझ्या धंद्याला ते चालत नाही. ज्यांना टोकन लावून सही करावी लागते त्यांनी एक मशीन विंडोजचं ठेवावं, उगाच हट्ट करू नये.

कन्ना चौक

घड्याळाचं सोपं आहे. मदरबोर्डवरचं घड्याळ लिनक्स ग्रिनिचच्या वेळेवर ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून नेमका तेवढाच फरक. लिनक्सला एका ओळीच्या कमांडने सांगता येतं की बाबा, तूही स्थानिक वेळ ठेव.

जकार्ड

टॉवेलचा कारखाना, अक्कलकोट रोड एमआयडीसी. डिझाइन मी स्वतः करतो, म्हणून माझा अनुभव जरा वेगळ्या वाटेचा.

आमच्या आजोबांच्या काळात डिझाइन म्हणजे चौकटीच्या कागदावर रंग भरायचे आणि त्यावरून पुठ्ठे पंच करायचे. भोक असलं की तो धागा वर, नसलं की खाली. १८०४ साली फ्रान्समध्ये जकार्डने हेच केलं आणि संगणकाची पंचकार्डं पुढे त्याच कल्पनेवरून आली. त्यामुळे कुणी मला संगणक शिकवायला लागलं की मी मनात हसतो.

आता मागावरचं जकार्ड यंत्र इलेक्ट्रॉनिक आहे. त्याला फाइल देणारं सॉफ्टवेअर विंडोजचं, त्याला डोंगल, म्हणजे परवान्याची यूएसबी किल्ली, लावावं लागतं, आणि डोंगल लिनक्सवर ओळखतच नाही. ते मशीन कारखान्यात तसंच ठेवलंय, इंटरनेटची वायर काढून. पण डिझाइनचं नव्वद टक्के काम मी घरी कुबुंटूवर (उबुंटूचंच भावंड) गिंप या चित्रांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करतो. कसं ते सविस्तर सांगतो, कारण यावर मराठीत कुठं काही सापडलं नाही.

आमच्या कामात एक पिक्सेल म्हणजे एक उभा धागा आणि एक आडवा धागा जिथं भेटतात ती जागा. समजा इंचात ६० उभे आणि ४० आडवे धागे आहेत. ८ इंच बाय ८ इंचाचा मोर काढायचा तर चित्र ४८० बाय ३२० पिक्सेलचं लागतं. स्क्रीनवर तो मोर आडवा पसरलेला, बदकासारखा दिसतो. मी पहिल्यांदा डोळ्याला बरा दिसेल असा काढला, आणि कापडावर निघाला उंच मानेचा करकोचा! गिंपमध्ये आडवं आणि उभं रिझोल्यूशन वेगवेगळं देता येतं. एकाला ६०, दुसऱ्याला ४० दिलं, आणि व्ह्यू मेनूतलं 'डॉट फॉर डॉट' बंद केलं, की स्क्रीनवर कापडावर दिसेल तसाच मोर दिसतो.

दुसरी गोष्ट, ब्रश वापरायचा नाही, पेन्सिल वापरायची. ब्रश कडेला मऊ छटा सोडतो. माग छटा ओळखत नाही, त्याला धागा वर की खाली एवढंच कळतं. चित्र इंडेक्स्ड करून घ्यायचं, चार रंग तर चारच. मग बीएमपी करून पेनड्राईव्हवर कारखान्यात.

कुबुंटूचा प्लाझ्मा डेस्कटॉप आधी फार सजवलेला वाटला, पण दोन स्क्रीन लावल्यावर पटला. प्रिंटरचं म्हणाल तर मला लागत नाही, माझा प्रिंटर म्हणजे माग.

शेंगाचटणी

बदकाचा करकोचा वाचून ऑफिसात मोठ्यानं हसलो. माझं काय? फेडोरा, गेमिंग लॅपटॉप, ग्राफिक्स कार्डाने रडवलं, मग जमलं. बाकी काही नाही.

बाई_पूर्वभाग

शाळेत शिकवते. एका ऑफिसने जुने ११ संगणक दिले, २ जीबी रॅमचे, कोअर टू ड्युओ. त्यांच्यावर विंडोज ७ होतं आणि सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचं की हजेरी घेऊन व्हायची. माझ्या भाच्याने डेबियन १२ टाकून दिलं, एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप घालून. नऊ चालू आहेत, दोनांचे सुटे भाग त्या नवांना लागले. (कुणाचं मशीन याहून जुनं, ३२ बिटचं असेल तर डेबियन १३ चं इन्स्टॉलर त्याला मिळत नाही, हे भाच्याने बजावून ठेवलंय.) एका वेळी ब्राउझरचे दोनच टॅब, हा वर्गाचा नियम.

मला सांगायचंय ते टायपिंगचं. मुलांना इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची कीबोर्डची ठरलेली मांडणी, शिकवलं. सुरुवातीला मीच नाखूश होते, मला इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय. आमच्या वर्गात निम्म्या मुली तेलुगू घरच्या, दोन-तीन कानडी. एक दिवस सहावीतल्या एका मुलीने कोपऱ्यातला कीबोर्ड बदलायचा बिल्ला दाबला आणि तेलुगू निवडलं. इनस्क्रिप्टमध्ये 'क' ज्या बटणावर, त्याच बटणावर तेलुगूचाही 'क' आणि कानडीचाही. अक्षरांच्या जागा त्याच, लिपी तेवढी बदलते. तिला तेलुगू वाचता येत नव्हतं. पण बोटांना माहीत होतं! तिने घरच्या आज्जीचं नाव टाइप केलं, मी पानभर मोठं करून छापून दिलं. दुसऱ्या दिवशी आज्जी शाळेत, कागद घेऊन. त्यात एक काना चुकला होता, तो त्यांनी पेनाने दुरुस्त करून आणला होता.

उन्हाळ्यात लाइट जाते, यूपीएस सगळ्यांना नाहीत. एकदा असंच बंद पडलेलं मशीन काळ्या पडद्यावर अडकलं, नुसता कर्सर लुकलुकतोय. भाच्याने फोनवर डिस्क तपासायची कमांड सांगितली. ती एका मुलीने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली. आता मशीन अडलं की मला विचारत नाहीत, तिची वही मागतात.

प्रिंटर शाळेतला वायफायचा आहे, आपोआप सापडला.

उलटा कीबोर्ड

बाई, तुमची पोरं माझ्यापेक्षा पुढं आहेत. मी अजून फोनवर बोलून मराठी लिहितो आणि स्वतःला मेल करतो.

पत्रिकावाला

छपाईचं काम. लग्नपत्रिका, गड्ड्याच्या यात्रेचे फलक, दुकानांची बिलबुकं. मित्र म्हणाला, "काय करालालास बे अजून जुन्या विंडोजवर?" म्हणून एका मशीनवर मिंट टाकून बघितलं.

पंचवीस वर्षांच्या फाइली जुन्या, युनिकोडच्या (सगळीकडे सारखा चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या) आधीच्या फॉन्टांत. लिनक्सवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा. तो फॉन्ट लिनक्समध्ये टाकला की 'शुभविवाह' परत 'शुभविवाह' दिसतं, इथवर ठीक. पण त्या फॉन्टात नवीन टाइप करायचं तर लागणारा कीबोर्ड ड्रायव्हर विंडोजचाच. म्हणजे जुनी पत्रिका बघता येते, मुलाचं नाव बदलता येत नाही. आमच्या धंद्यात नाव बदलणं हेच तर काम!

मग नवीन कामं युनिकोडात सुरू केली. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं नीट पडतात. चार रंगांच्या छपाईसाठी स्क्राइबस हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात देवनागरी आता नीट बसते, पूर्वी बसत नव्हती. एक बारीक गोष्ट, मराठी माणसालाच कळेल अशी: काही युनिकोड फॉन्ट 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दाखवतात. त्यातल्या बऱ्याच फॉन्टांत मराठी वळणही आत असतं, मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडली की 'ल' आपला होतो. हे कळायच्या आत एका गिऱ्हाईकाने पत्रिका परत केली होती. "ही काय उत्तरेकडची पत्रिका आहे का?" म्हणाला.

पण प्रिंटर! माझा छोटा लेझर प्रिंटर जुना, कंपनीच्या स्वतःच्या ड्रायव्हरशिवाय हलत नाही असल्या जातीचा. ड्रायव्हर मिळाला, पहिलं पान आलं, दुसरं पान आलं, तिसऱ्याला गप्प. मशीन रीस्टार्ट केलं की परत दोन पानं. दोनशे पत्रिकांचं प्रूफ असं काढत बसलो तर नवरा-नवरीला पोरं होतील.

कन्ना चौक

नवा प्रिंटर घेणाऱ्यांनी एवढंच बघा, खोक्यावर एअरप्रिंट लिहिलेलं आहे का. तो आयफोनसाठी असतो, पण त्याच भाषेत लिनक्सही बोलतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. जुन्या साध्या लेझरला हे नसतं. आणि इन्स्टॉल करायच्या आधी पेनड्राईव्हवरूनच लिनक्स चालू करून एक पान छापून बघायचं. वायफाय, आवाज, प्रिंटर, तिन्ही तिथंच कळतं.

होस्टेल_खोली

वायफायचं मी सांगतो. माझ्या लॅपटॉपचा वायफाय चिप असा की ड्रायव्हर आधी नेटवरून उतरवावा लागतो, आणि नेट त्या वायफायवरच येतं. कोंबडी आधी की अंडं. उपाय फुकट आहे: मोबाईल यूएसबी केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, पाच मिनिटांचं काम. मला हे कळायला दोन रात्री गेल्या, लाज वाटते.

डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार म्हणाल तर वर्षभरात पाच बदलली. उबुंटू, मांजारो, आर्च, परत उबुंटू, आता फेडोरा. आर्च परीक्षेच्या आदल्या दिवशी अपडेट केलं. पुढचं विचारू नका.

निवृत्त_कॅशियर

वय ६८. मिंट, दालचिनीवालं, म्हणजे सिनॅमन. पोरगा पुण्याहून येऊन टाकून गेला. मी सांगतो सामान्य माणसाचं.

लिब्रेऑफिसचे मेनू पोराने मोठ्या प्रेमाने मराठीत करून दिले. मला काही सापडेना. तीस वर्षं 'फाइल' आणि 'एडिट' म्हणत आलोय, 'संपादन' कुठं शोधू? परत इंग्रजी करायला लावलं. मजकूर मराठीत पाहिजे, मेनू नाही. यावर पोरगा रुसला.

टाइमशिफ्ट म्हणून एक चीज आहे त्यात. अपडेटनंतर काही बिघडलं तर कालच्या स्थितीला परत नेतं. आधी सोय करून ठेवावी लागते, ती केली होती. एकदा लागलं. कॅशबुकात पान फाडता येत नाही, इथं येतं, हे मला अजून पचत नाही.

सातरस्ता

कुणी लिनक्स सोडून दुसरं काही वापरतं का? आणि सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स?

होटगी रोड

बॉस डेबियनवरच बेतलेलं आहे. वापरलं होतं, मग म्हटलं मूळ डेबियनच का नको.

माझ्याकडे फ्रीबीएसडी आहे. हे लिनक्स नव्हे, बर्कलीच्या युनिक्सच्या घराण्यातलं, १९९३ पासूनचं. त्यातली झेडएफएस फाइल सिस्टीम मला आवडते, घरच्या सगळ्या फोटोंची रोजची स्नॅपशॉट, म्हणजे त्या-त्या दिवसाची स्थिती, ठेवतो. पण रोजचा डेस्कटॉप म्हणून? लॅपटॉपचं झाकण लावलं की झोपतो, उघडलं की जागा होत नाही. वायफाय रडतखडत. म्हणून तो आता कपाटावर बसून फोटो सांभाळतो आणि मी बायकोच्या मिंटवर हे लिहितोय.

पत्रिकावाला

कन्ना चौक, तुमचं ऐकून नवा प्रिंटर घेतला. मागे उधार वसूल झालं होतं त्यातून. पेनड्राईव्हवरून टेस्ट पान आलं, पंधरा पानंही आली. जुना प्रिंटर बिलबुकांसाठी विंडोजवरच ठेवलाय, तोही काही वाईट नाही बिचारा.

सातरस्ता

घड्याळाचं अपडेट. कन्ना चौक यांनी सांगितली ती कमांड लिनक्समध्ये मारली. त्याच दिवशी ऑफिसातल्या एकाने विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल सांगितला, हार्डवेअरचं घड्याळ ग्रिनिचचं समजायचा. म्हटलं तोही करू, दुप्पट पक्कं होईल.

आज सकाळी साडेआठला वडिलांनी विंडोज उघडलं. दुपारचे दोन वाजले होते. ते म्हणाले, "जेवायला वाढा मग."

कन्ना चौक

दोन्हींतलं एकच करायचं होतं हो!