भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) बघायला कधी जावं?

वारजेकर:
मुलगी आठवीत आहे, पक्ष्यांचं वेड लागलंय. दिवाळीच्या सुट्टीत कुंभारगावला गेलो होतो. पाणी काठोकाठ, रोहित एकही नाही, पोरगी रडवेली झाली. नेमकं कधी जावं? आणि चिलापी मासळी कुठे चांगली मिळते?

पहाटपक्षी:
संक्रांत उलटली की जा. पहाटे साडेचारला हडपसर सोडा, उजाडता नावेत बसा. चिलापी नावाड्याच्याच घरी सांगून ठेवा.

आजोळ पळसदेव:
वर वेळ बरोबर सांगितली आहे. रोहित उथळ पाण्यात मान उलटी घालून चिखल गाळून खातो. दिवाळीत उजनी धरण भरलेलं, त्याला पाय टेकायला जागा नसते. पाणी उतरून काठ उघडे पडले की थवे बसतात. जानेवारीअखेर ते मार्च धरून चाला. चक्रवाक, पट्टकदंबही तेव्हा असतात. फोटोसाठी थवा उडवायला नावाड्याला सांगू नका. आणि लाईफ जॅकेट घातल्याशिवाय नावेत पाय ठेवू नका. मे 2024 मध्ये उजनीतच कळाशी-कुगाव दरम्यान वादळात नाव उलटून 6 जण गेले. तिथल्या लोकांना रोजच पाण्यावरून जावं लागतं, कारण रस्त्यानं फार मोठा वळसा पडतो.

आता न विचारलेलं सांगतो. ज्या पाण्यावर तुम्ही नाव घालता त्याच्याखाली माझं आजोळ आहे. 1980 मध्ये धरण पुरं झालं, पण आजोबा त्याआधीच उठले होते. उठताना त्यांनी घराच्या तुळया, वासे, दाराची चौकट बैलगाडीतून नेली. नव्या पळसदेवच्या घराला आजही तीच चौकट आहे. भीमेकाठची काळी गेली आणि बदल्यात माळ मिळाला.

उजनीत 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं 63 च्या आसपास मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी. पाणी त्याच्याही खाली गेलं की पेपरात 'उजनी मायनसमध्ये' असं येतं. पुण्यात ती बातमी, आमच्या घरी आई पिशवी भरायला घेते. कारण तेव्हा पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. 2024 ला तिला घेऊन गेलो. देवाला हात जोडून झाले आणि ती भेगाळलेल्या गाळातून तरातरा पुढे निघाली. घर काही सापडलं नाही. गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी सापडली. तिच्यातला गाळ ती हातानं उपसत बसली, अर्धा तास. मी मध्ये बोललो नाही.

आणखी एक. तुमच्या-माझ्या मोरीचं पाणी मुठेत जातं. मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि सगळं उजनीत येऊन थांबतं. मामाचा मित्र भोई आहे. तो म्हणतो, काही दिवस जाळं ओढलं की कोपरापर्यंत खाज सुटते. मरळ, वाम आता क्वचितच लागते, चिलापीच जास्त. त्यात वडाप या बारीक छिद्रांच्या जाळ्यानं बोटभर पिल्लंही ओढून नेतात. मुलीला रोहित दाखवाल तेव्हा हेही सांगा, आठवीतल्या पोरीला समजतं.

वारजेकर:
तुमचं उत्तर मुलीला वाचून दाखवलं. फेब्रुवारीचा शनिवार ठरवला. तिला देऊळही बघायचंय, आणि डोणी. तुमच्या आईंना चालेल का?

आजोळ पळसदेव:
आईला आत्ताच विचारलं. "पोरीला घेऊन या" म्हणाली. देवळाचं मात्र मेमध्ये पाण्याचा आकडा बघून कळवतो. ऊन चढायच्या आत पोचायला हवं, आणि पाणी दोन बाटल्या जास्त घ्या, तिथे सावली नाही.