घरच्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतून गिटारचा ट्यूब ॲम्प होईल का?

वडसा_सहा_तारा
नमस्कार मंडळी, मी वडसा-देसाईगंजकडचा. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा सीझन लागला की एका नाटक मंडळीसोबत गिटार वाजवतो. माझ्याजवळ ट्रान्झिस्टरचा छोटा ॲम्प आहे, हळू वाजवला तर ठीक पण व्हॉल्यूम चढवला की आवाज चिरकते, कानाले टोचते. मागे नागपूरला एका मित्राकडे फेंडर कंपनीच्या चॅम्प नावाच्या छोट्या ॲम्पच्या सर्किटच्या नकाशावर बनवलेला ट्यूब ॲम्प वाजवून पाहिला आणि तेव्हापासून दुसरं काही सुचून नाही राहिलं. स्ट्रिंगवर हळू हात ठेवला की साफ आवाज, जोरात मारला की फाटतो पण गोड फाटतो, सगळं हातात, पेडल बिडल काही नाही.
नकाशा काढून ठेवला आहे, चॅम्पच्याच ५एफ१ मॉडेलवाला. त्यात १२एएक्स७ (पुढची), ६व्ही६ (पावरची) आणि ५वाय३ (रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारी) अशा तीन ट्यूब आहेत, पण सगळं बाहेरून मागवायचं म्हटलं तर खर्च फार होते. घरी मोठ्या वडिलांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्यूबचाच, रेडिओ पडला आहे, बंद आहे, खोकं वाळवीनं खाल्लं. त्याचा ट्रान्सफॉर्मर अन् ट्यूब वापरता येतील का? आणि आमच्याकडे लाइटचं माहीत आहेच तुम्हाले, रात्री शेतातले पंप सुरू झाले की १९० आणि पहाटे सगळे बंद झाले की २५० च्या वर. सोल्डरिंग येते, केबल-पेडल मीच दुरुस्त करतो, पण हाय व्होल्टेजचं काम कधी केलं नाही.

जुना_रेडिओ_यवतमाळ
भाऊ, होते ना, काहून नाही होत. पण पयले मागचा पुठ्ठा काढून ट्यूबवरचे नंबर वाचा, बाकी सगळं नंतर. नंबर ई अक्षरानं सुरू होत असन, म्हंजे ईएल८४, ईझेड८०, ईएबीसी८० असे, तं आपलं काम झालं, त्याचं हिटर (ट्यूब तापवनारी तार) ६.३ व्होल्टचं असते अन् रेडिओत मेन्स ट्रान्सफॉर्मर सापडते. पण यू नं सुरू होत असन, यूएल८४, यूवाय८५ असे, तं तो एसी-डीसी सेट होय. त्यात मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतेच, सगळ्या ट्यूबचे हिटर एका माळेत थेट लाइनवर अन् चेसिसले (पत्र्याच्या सांगाड्याले) लाइनची एक तार जोडलेली. रेडिओले ते चालून जाते, काहून का हात लाकडाले अन् प्लॅस्टिकच्या बटनाले लागते. गिटारच्या तारा मात्र केबलमधून चेसिसले जुळलेल्या अन् बोटं त्या तारांले. प्लग उलटा लागला तं मानूस जागेवर जाते. असा सेट असन तं त्याले गिटारसाठी हात बी लावू नका, तसाच झाकून ठेवा.
ई वाला निघाला तं मेन्स ट्रान्सफॉर्मर, सॉकेट, चोक (फिल्टरची कॉइल) असन तं चोक अन् ट्यूब काढून घ्या. कंडेन्सर मात्र एक बी वापरायचा नाही. पावरच्या ट्यूबच्या ग्रिडवर (सिग्नल जिथं येते त्या जाळीवर) जो कागदाचा मेनाचा कंडेन्सर असते ना, तो इतक्या वर्षांत लीक होतेच. मांगच्या ट्यूबचं डीसी त्याच्यातून ग्रिडवर येते, ग्रिड पॉझिटिव्ह होते, ट्यूब जास्त करंट ओढते अन् प्लेट (ट्यूबमधला बाहेरचा पत्रा) लाल दिसाले लागते. मंग ट्यूब बी जाते अन् आउटपुट ट्रान्सफॉर्मर (स्पीकरच्या आधीचा) बी. रेझिस्टर बी मोजून पाहा, जुने कार्बनचे वाढलेले सापडतात, १०० के (किलो-ओम) चा १५० दाखवते.
आता जिवाचं सांगतो. बंद केल्यावर बी फिल्टर कंडेन्सरमंधी दोन-तीनशे व्होल्ट बसून राहते. तिथं २२० के, दोन वॉटचा रेझिस्टर कायमचा लावून टाका, तो ते हळूहळू खाली करते. तरी बी हात घालायच्या आधी मीटरनं मोजा, दर वेळी. चालू सेटवर मोजताना काळा प्रोब क्लिपनं चेसिसले लावा अन् दुसरा हात खिशात. एकटं असताना चालू सेट उघडू नका, घरातल्या कोनाले तरी जवळ बसवा अन् बोर्डाचं बटन कोनतं ते दाखवून ठेवा.

सीताबर्डी_सोल्डर
काकांनी यू सिरीजचं सांगितलं ते सोन्यासारखं आहे, नेटवरच्या अमेरिकन व्हिडिओंमध्ये यू सिरीजचं नाव सहसा येत नाही.
भाऊ, माझं मत स्पष्ट आहे, ५एफ१ चा पुढचा भाग जसाच्या तसा घ्या आणि रेडिओ ई वाला निघाला तर मागे ६व्ही६ च्या जागी त्यातली ईएल८४ बसवा. १२एएक्स७ म्हणजेच ईसीसी८३, ती एक नवीन विकत घ्या. रेडिओत ईएबीसी८० असली तरी तिच्यात एकच ट्रायोड (ट्यूबमधला सिग्नल वाढवणारा एक भाग) आहे आणि त्याचं ॲम्प्लिफिकेशन ७० च्या आसपास, ईसीसी८३ मध्ये दोन आहेत आणि प्रत्येकी १००. एका ट्रायोडवर आवाज निघतो पण तुम्हाला जो फाटलेला गोडवा पाहिजे तो दोन स्टेज एकमेकांवर चढल्याशिवाय येत नाही. दोन्ही ट्रायोडला प्लेटवर १०० के, कॅथोडला (तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला) १.५ के, मध्ये ०.०२२ मायक्रोफॅरडचे कपलिंग कंडेन्सर, इनपुटला ६८ के आणि १ मेग. ६८ के चा रेझिस्टर जॅकवर नाही तर ट्यूबच्या पिनवरच सोल्डर करा नाहीतर रेडिओ स्टेशन ऐकू येईल. ईएल८४ च्या कॅथोडला १५० ओम, पाच वॉटचा. एचटी (प्लेटला जाणारं हाय व्होल्टेज) २५० च्या आसपास ठेवा. तिथे कॅथोडवर साधारण ७ व्होल्ट मिळाले पाहिजेत, ७ ला १५० नी भागलं की ४७ मिलीअँपच्या जवळ करंट येतो, म्हणजे ट्यूबची जी १२ वॉटची मर्यादा आहे तिच्या आत आहात. १० व्होल्ट दिसले तर लगेच बंद करा आणि शोधा. आणि हम (लाइनची घुंघुं) जावा म्हणून रेक्टिफायर ईझेड८० च्या पुढे मोठा कंडेन्सर लावायचा मोह होतो, पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडच्या वर नको, रेक्टिफायर जाईल.
पैसे जिथे टाकायचे ती जागा एकच, आउटपुट ट्रान्सफॉर्मर. रेडिओतला चालेल पण तो अंगठ्याएवढ्या कोअरचा असतो, गिटारच्या खर्जाच्या दोन तारा पोकळ वाजतात. तालुक्याला मोटर वाइंडिंगवाले असतील, त्यांच्यातला जो ट्रान्सफॉर्मर भरतो त्याला सांगा: प्रायमरी ५.२ के, सेकंडरी ८ ओम, म्हणजे टर्न रेशो साधारण साडेपंचवीसला एक. आणि हे दहा वेळा सांगा की ई आणि आयच्या पट्ट्या एकाआड एक उलटसुलट भरायच्या नाहीत, सगळ्या ई एकीकडे, सगळ्या आय एकीकडे, मध्ये कागद. एकाच पावर ट्यूबमधून सतत डीसी वाहतो, गॅप नसला तर कोअर सॅच्युरेट होतो आणि बेस मरतो. वाइंडिंगवाले सवयीनं उलटसुलट भरतात. हाती आला की प्रायमरीला ६.३ व्होल्ट एसी द्या, सेकंडरीवर पाव व्होल्टच्या जवळ दिसलं की बरोबर. उलटं करू नका, सेकंडरीला ६.३ दिले तर प्रायमरीवर १६० होतात.
व्होल्टेजचं म्हणाल तर ट्रान्सफॉर्मरच्या २३० च्या टॅपवर (जोडणीवर) १९० आले की हिटरला ५.२ व्होल्टच मिळतात आणि २६० आले की ७.१. दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे ५.७ ते ६.९ मध्ये राहायला पाहिजे. जुन्या रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरला मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो, तो २४०-२५० वर ठेवा. आणि स्टॅबिलायझर सर्वोचा (मोटरनं व्होल्टेज सलग सारखं करणारा) घ्या, फ्रीजवाला रिलेचा असतो, तो टप्प्याटप्प्यानं उडी मारतो.

वडसा_सहा_तारा
काका, भाऊ, मनापासून आभार. आत्ताच पुठ्ठा काढला, ईएल८४ आहे, ईझेड८० आहे आणि मागे सिलेक्टर पण आहे २२० वर लावलेला! ट्रान्सफॉर्मर चांगला दिसून राहिला, वास नाही, डांबर वितळलेलं नाही. पण तो इतकी वर्षं पडून आहे, पहिल्यांदा लाइट कसा द्यायचा? आणि दुसरं, हा ॲम्प पाचेक वॉटचाच होणार, तेवढ्यात नाटकाच्या मंडपात ऐकू येईल का, तिथे तर लोक मागे शेताच्या धुऱ्यापर्यंत बसलेले असतात.

जुना_रेडिओ_यवतमाळ
सिरीज बल्बवर. साधा ६० वॉटचा पिवळा बल्ब, एलईडी नाही, फेजच्या तारेत सिरीज लावा. पयले सगळ्या ट्यूब काढून नुसत्या ट्रान्सफॉर्मरले द्या. बल्ब चमकून विझला किंवा अगदी मंद राहिला तं वाइंडिंग चांगली. भकाभक जळत राहिला तं आत शॉर्ट हाये, पुढं जाऊ नका. चांगला असन तं तासभर तसाच राहू द्या अन् हात लावून पाहा, कोमट ठीक, चटका बसला तं नाही. अन् स्पीकर जोडल्याशिवाय सेट कधीच चालू करायचा नाही, नाहीतं आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी फुटते.

नाटकाचा_साउंडवाला
वडसावाले भाऊ, मंडपाची चिंता करू नका. पाच वॉट खोलीत फार होतात, मंडपात नाही पुरत, पण पुरवायचेच कशाला? स्पीकरच्या कागदासमोर चार बोटांवर साधा डायनॅमिक माईक लावा, मधोमध नाही, थोडा कडेला, आणि बाकी काम माझ्यासारख्यावर सोडा. ॲम्प छोटा असला तर त्याला पूर्ण उघडून वाजवता येते आणि खरा आवाज तिथेच आहे. मोठा ॲम्प आणून दोनवर ठेवणारे पाहिले मी, ऑर्गनवाल्याशी भांडण होते अन् टोन बी मिळत नाही.
एक नक्की सांगतो, नाटकात जनरेटरवर असता तेव्हा सगळ्या लाइट लावून झाल्या, ओढायचा तो लोड ओढून झाला, की मगच ॲम्प चालू करा, आणि पडदा बदलताना फोकस एकदम बंद होतात तेव्हा व्होल्टेज उसळते. सर्वो तिथेही सोबत न्या. अर्थिंगचंही बघा. ॲम्पची हिरवी तार चेसिसला बोल्ट मारून पक्की आणि साउंडचा मिक्सर ज्या बोर्डावर आहे त्याच बोर्डावरून ॲम्पला लाइट घ्या. एकीकडे गिटार आणि दुसरीकडे माईक, दोघांची अर्थ वेगळी असली की गायकाच्या ओठाला झटका बसतो.

सीताबर्डी_सोल्डर
आणि जुन्या अमेरिकन नकाशांत कुठे लाइनपासून चेसिसला एक छोटा कंडेन्सर दिसला तर तो गाळायचा, दोन पिनच्या प्लगच्या जमान्यातला आहे, शॉर्ट झाला की चेसिस सरळ लाइनवर. सिलेक्टर आधी २४० वर फिरवा, मग बल्ब लावून ट्रान्सफॉर्मर तपासा, आणि बिनलोडचे एचटी-हिटरचे व्होल्टेज इथे टाका. त्यावरून रेझिस्टर ठरवू, तोपर्यंत ईसीसी८३ सोडून काही मागवू नका.