एएमटी घाटात चालते का?
वर विचारलंय की चिपळूण-कराड नेहमीचं येणंजाणं असेल तर स्वस्तातली एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी गाडी, घ्यावी का. आमच्याकडे चार वर्षं आहे म्हणून सांगतो. एएमटी आतून मॅन्युअलच, तोच क्लच, तेच गिअर, फक्त क्लच दाबून गिअर टाकायचं काम तुमच्याऐवजी अ‍ॅक्चुएटर नावाचं यंत्र करतं, त्यामुळे अ‍ॅव्हरेज छान मिळतं पण गिअर बदलताना झोका बसतो. वाटेतल्या कुंभार्ली घाटात लोड ट्रकच्या मागे अडकलात की दुसरा टाकू की तिसरा यात ती घुटमळते, तेव्हा सरळ मॅन्युअल मोडला घ्या. आणि चढावर गाडी नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर धरून ठेवू नका प्लीज, हॅन्डब्रेक लावा, आमची क्लचप्लेट अशीच गेली, जळका वास गाडीभर सुटला होता. ऑटोमॅटिकचा दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टर, त्यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल फिरतं, त्यामुळे सुटताना क्लच घासायचा प्रश्नच नाही, चढावर मऊ उचलते, पेट्रोल मात्र जरा जास्त पिते. तिसरा प्रकार सीव्हीटी, त्यात दोन पुल्या नि स्टीलचा पट्टा, झोका अजिबात नाही, पण जोरात दाबलं की आधी इंजिन ओरडतं मग गाडी पळते. कुठलीही घ्या, घाटातून पोफळीकडे, म्हणजे चिपळूणच्या बाजूला, उतरताना खालच्या गिअरमध्येच ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापतात आणि पावसाळ्यात तिथे धुकंही असतं.