अनुभव धागा: डब्यातलं दूध, गोडाचं की बिनगोडाचं?

सुरुवात मीच करते. गाव दारव्हा तालुक्यात. पुतणी अमेरिकेत असते, तिनं ट्रेस लेचेस केकची कृती पाठवली. साधा स्पंज केक करायचा, त्याला टोचे मारायचे आणि वरून तीन दुधं ओतायची: इव्हॅपोरेटेड (बिनसाखरेचं आटीव), कंडेन्स्ड (साखर घातलेलं आटीव) आणि क्रीम. तालुक्याला किराण्यात विचारलं तर दुकानदार म्हणे, "ताई, दोन्ही एकच हाये, फक्त कंपनी येगळी." मी विश्वासानं दोन डबे उचलले. घरी येऊन दोन्ही ओतले. दूध मुरेचना, नुसतं मधासारखं वर बसून राहिलं. सासूबाईंनी एक घास घेतला न् म्हणाल्या, "माय वं, हा केक व्हय का पाकातला चिरोटा?" पुढचे तीन दिवस आम्ही तो केक एक चमचा केक, एक मूठ चिवडा असा संपवला.

नंतर कळलं की मी दोन्ही डबे कंडेन्स्डचेच ओतले होते. तुमच्याकडं असं काही झालं असेल तर लिहा. फजिती लिहा, जमलेलं तर नक्कीच लिहा. डबा कोणत्या कंपनीचा ते सांगायची गरज नाही.

पुसदजवळून

ताई, माझं बरोब्बर उलटं झालं. जावई आखाती देशात असतात, तिकडून चहासाठी म्हणून दुधाचे डबे आणले. मला वाटलं, मिळालंच आहे तर बिनअंड्याचा केक करू. नेहमीच्याच मापानं घेतलं, साखर घातली नाही, कारण कंडेन्स्डच्या केकात ती लागतच नाही. घोल भज्याच्या पिठाहून पातळ. केक फुगला थोडा, पण वर रंग चढला नाही, पांढराफटक. चव म्हणाल तर मीठ नसलेल्या ढोकळ्यासारखी. नातवानं विचारलं, "आजी, यात गोड घालायचं राहिलं का?"

तेव्हापासून माझी खूण एकच. डबा कानाशी धरून हलवायचा, नारळ घेताना हलवतो तसा. बिनसाखरेचं दूध डबडब वाजतं. गोडाचं हलतच नाही, हललं तरी सावकाश सरकतं.

दिग्रस, किराणा दुकान

वरच्या ताईंच्या दुकानदाराच्या वतीनं मीच माफी मागतो. खरं सांगू का, आमच्या भागात बिनसाखरेचा डबा येतच नाही. कोणी मागतच नाही. गोडाचे डबे दिवाळीत न् ३१ डिसेंबरच्या आसपास जातात, बाकी वर्षभर एखादा. त्यामुळं आमच्या पोरांना दोन प्रकार असतात हेच माहीत नाही.

डब्याच्या मागं घटक छापलेले असतात, ते वाचा. जे जास्त ते आधी, असा क्रम असतो. साखर त्यात दिसली की विषय संपला.

आर्वीहून

मी दूध स्वतःच आटवते. गोष्ट सोपी आहे. दोन्ही दुधांतलं साधारण ६० टक्के पाणी काढलेलं असतं, फरक साखरेचा. कंडेन्स्डमध्ये वजनाच्या चाळीस-पंचेचाळीस टक्के साखर असते, म्हणून ते नासत नाही. लोणच्यात मीठ करतं ते काम इथं साखर करते, जंतूंना पाणीच उरू देत नाही. दुसऱ्यात साखर नसते, म्हणून डबा बंद करून कडक तापवावा लागतो. त्यामुळंच त्याचा रंग किंचित तपकिरी न् वास उकळल्या दुधाचा.

आता घरचं. एक लिटर दूध सपाट बुडाच्या, सरळ कडांच्या पातेल्यात मंद आचेवर ४०० मिलीपर्यंत आणायचं. मी पातेल्यात लाकडी कलथा उभा धरून सुरुवातीच्या दुधाची खूण करते, मग त्याच्या दोन पंचमांशावर दुसरी. साय धरली की कडेनं खरवडून आतच ढवळायची, नाहीतर गुठळ्या होतात. शेवटी गाळून घ्यायचं. हे झालं इव्हॅपोरेटेड. बासुंदीच की, फक्त साखर न् वेलची घातलेली नाही.

यात एक चूक मी पहिल्यांदा केली होती. म्हशीचं दूध आटवलं. त्यात आधीच सहा-सात टक्के स्निग्धांश, आटल्यावर पंधराच्या पुढं गेला. केकवर तुपाचा तवंग आला. डब्यातल्या दुधात साडेसात टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणून गाईचं घ्या, नाहीतर पिशवीतलं ३ टक्क्यांचं टोन्ड दूध. त्याचा हिशेब अगदी जुळतो.

कंडेन्स्ड करायचं तर तेच एक लिटर, त्यात १८० ते २०० ग्रॅम साखर. दूध निम्मं झाल्यावर साखर घाला, आधी नको, खाली लागतं.

निवृत्त शिक्षक, कारंजा

थोडं अवांतर. गोडाच्या डब्याचं पेटंट गेल बॉर्डेन यांना १८५६ मध्ये अमेरिकेत मिळालं. तिथल्या यादवी युद्धात तो डबा सैनिकांच्या शिध्यात गेला. बिनसाखरेचा कारखान्यात मोठ्या प्रमाणात होऊ लागला १८८५ पासून, म्हणजे गोडाचा डबा एका पिढीनं थोरला.

वरुडहून

संत्र्याचं गाव आहे, म्हणून सांगते. कंडेन्स्डमध्ये लिंबाचा रस घालून ढवळा, चुलीवर न ठेवता घट्ट होतं. नुसत्या संत्र्याच्या रसानं होत नाही, आंबटपणा कमी पडतो. मी संत्र्याची साल किसून घालते न् रस लिंबाचा. घरच्या आटीव दुधावर मात्र हे करू नका, फाटतं. माझं फाटलं, मग त्याचा कलाकंद केला. कोणाला सांगितलं नाही.

पांढरकवड्याजवळून, बचत गट

आम्ही ऑर्डरचे केक कुकरमध्येच करतो, शिट्टी न् रिंग काढून, तळाला मीठ. अर्ध्या डब्याचं माप: २०० ग्रॅम कंडेन्स्ड, १२५ ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम लोणी, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा आणि लागेल तसं दूध, पाऊण ते एक वाटी. साखर नाही. आच मंदच, गोड दूध लवकर लाल होतं. वरून झालाय वाटतं, आत कच्चा असतो. काडी घालूनच बघा.

उरलेलं दूध पत्र्याच्या डब्यात ठेवू नका, काचेच्या बरणीत काढून फ्रिजमध्ये. बिनसाखरेचं उघडलं की तीन-चार दिवसांत संपवा. आमच्याकडं मे महिन्यात लाईट जाते, तेव्हा दीड दिवसातच आंबलं.

दारव्ह्याहून, मीच परत

आर्वीच्या ताईंच्या पद्धतीनं दूध आटवलं, टोन्डचं. पाऊण तास लागला न् हात दुखला. यावेळी दूध केकात मुरलं, तळाला थोडं साचलं तेही चालून गेलं. सासूबाई म्हणाल्या, "आता बरा हाये. पण पुरणपोळी नाही व्हय हे."

मंगरूळपीरहून

आज दुकानात जाऊन दोन डबे कानाशी लावून हलवले. एकही वाजला नाही. दुकानदार म्हणाला, "काकू, नारळ न्हाय तो."