पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी पावसाचं पाणी, काच परत बसवायची का?

वरचीगल्ली
गाडी २००९ ची पेट्रोल हॅचबॅक, पाच दारं, मुक्काम चिपळूण. रात्रभर पाऊस झाला की सकाळी पुढच्या डाव्या सीटखालचं मॅटिंग चिंब. दाबलं की स्पंजासारखं पाणी वर येतं. दोन दिवस उघडीप मिळाली तरी सुकत नाही, कुबट वास सुटतो, काचांवर आतून वाफ धरते. आठवड्याभरापासून मागच्या डाव्या बाजूलाही ओल आहे.

एसी लावला नाही तरी पाणी येतं. उन्हाळाभर कोरडी होती. गाडी गुलमोहराखाली, चढाला तोंड वर करून उभी असते. पुढची काच दोन वर्षांपूर्वी बदललेली, मागच्या दारांत नंतर स्पीकर बसवलेले. काचेच्या कडेनं सिलिकॉन फिरवून झालं, फरक शून्य. डेंटर म्हणतो काच काढून परत बसवू. त्याआधी काय काय बघावं?

दहाचा पाना
काच एवढ्यात काढू नका. ओल जिथे दिसते तिथेच गळती असते असं नाही; पाणी पत्र्याच्या घडीतून आणि वायरिंगच्या कडेनं हातभर लांब जाऊन टपकतं. तुमचं मागचं पाणी बहुधा पुढचंच आहे. गाडी तोंड वर करून उभी, म्हणजे मॅटिंगखालून ते मागे उतरणारच. एक रात्र सपाटीला लावा. मागची बाजू कोरडी राहिली तर गळती एकच. तरीही ओली झाली तर मागच्या दाराकडे वेगळं बघावं लागेल.

गुलमोहर आणि डावी बाजू या दोन गोष्टींवरून पहिला संशय वायपरखालच्या पन्हळीवर. वायपरच्या खाली जी काळी प्लॅस्टिकची जाळी असते तिच्याखाली पत्र्याची पन्हळ आहे. काचेवरून उतरणारं सगळं पाणी तिच्यात जमतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून पुढच्या चाकामागे खाली पडतं. ब्लोअरला बाहेरची हवा याच पन्हळीतून मिळते, आणि हवेच्या तोंडाला पत्र्याचा थोडासा काठ असतो. आंब्याफणसाची पानं जाळीवर अडकतात, गुलमोहराची पानं मात्र तांदळाएवढी, सरळ आत जातात आणि कुजून त्यांचा काळा लगदा भोकात बसतो. मग पन्हळ भरते, पाणी काठावरून ब्लोअरमध्ये उतरतं आणि तुमच्या डाव्या सीटच्या पायाशी पडतं.

खात्री करायला डॅशबोर्डचा डावा खण काढा आणि ब्लोअरच्या डब्याखाली हात फिरवा. डबा आतून ओला असेल, पंख्यात पानं सापडली, ब्लोअर चालू केल्यावर डुबुक डुबुक आवाज आला, तर दुसरीकडे शोधायची गरज नाही.

साफ करताना आधी वायपर कुठे थांबतात तिथे काचेवर चिकटपट्टीची खूण करा. टोपीखालचा नट बहुतेक गाड्यांत १२ किंवा १४ चा. दांडी दात्यांवर घट्ट बसलेली असते. डावी-उजवी हलवत सोडवा, हातोडी नको. जाळीच्या क्लिपा जुन्या गाडीत तुटतातच, पाच-सहा नव्या आणून ठेवा. लगदा हातानं उचलायचा, पाण्यानं आत ढकलायचा नाही. भोकात नायलॉनची जाड तार घाला. लोखंडी तारेनं रंग खरवडला की पुढच्या वर्षी तिथेच गंज. मग दोन्ही टोकांना एकेक लिटर पाणी ओता. चाकामागून लगेच धार पडली पाहिजे. थेंब थेंब पडत असेल तर अजून अडलंय. हात घातलाच आहे तर चाकाच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तरही सोडवून बघा, फेंडरच्या तळाशी मूठभर माती हमखास असते.

रबरबीडिंग
पन्हळीचं पटतं, पण स्पीकर बसवलेली दारं सोडू नका. दाराच्या आत पाणी जाणं हा दोष नाही. काचेच्या बाहेरच्या पट्टीतून ते उतरतं आणि दाराच्या तळाच्या दोन-तीन भोकांतून बाहेर पडतं. ते केबिनमध्ये येऊ नये म्हणून दाराच्या आतल्या पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा पडदा काळ्या चिकट ब्युटिलनं लावलेला असतो. स्पीकरवाले तो कापतात किंवा अर्धा लोंबता ठेवतात, आणि पाणी उंबऱ्यावरून आत येतं.

पॅड काढा: कडीमागे एक स्क्रू, हात ठेवायच्या जागी एक-दोन, बाकी क्लिपा. जुना पडदा शाबूत असेल तर हेअर ड्रायरनं ब्युटिल गरम करून दाबून बसवा. फाटला असेल तर जाड पॉलिथिन कापा आणि ब्युटिलची नवी पट्टी सलग फिरवा, कुठे जोड आला तर टोकं एकमेकांवर चढवा. खालची कड दाराच्या आत गेली पाहिजे, म्हणजे पडद्यावरून ओघळलेलं पाणी दारातच पडेल. बाहेर राहिली तर सगळी मेहनत पाण्यात. साधी चिकटपट्टी इथे पहिल्या पावसात सुटते. तळाची भोकं केबल टायच्या टोकानं मोकळी करा.

दाराच्या रबराची परीक्षा सोपी आहे. कागदाची पट्टी ठेवून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे रबर दबून चपटं झालंय.

दहाचा पाना
बरोबर. दोघांतलं नेमकं कुठलं हे पाइपनं कळेल. मॅटिंग उचला, पत्रा पुसून कोरडा करा, उंबऱ्यावर आणि डॅशबोर्डखाली पत्र्याच्या जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. एक माणूस टॉर्च घेऊन आत, दुसरा बाहेर. पाइपाला नोझल नको, नुसती संथ धार. सुरुवात खालून: आधी दाराचा तळ, मग दाराची काच, मग पन्हळ, मग पुढची काच, शेवटी छत. प्रत्येक जागी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. पावडरीत पाण्याची रेघ उमटते, ती वरच्या दिशेनं धरत जा. सर्व्हिस सेंटरचं प्रेशर वॉशर यासाठी वापरू नका, ते चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतं.

एसीचं पाणीही याच कोपऱ्यात येतं, पण ते एसी चालवल्यावर आणि ऊन असतानाही. गोडसर वास आणि बोटांना चिकटपणा असेल तर ते कूलंट, हीटरची टाकी गळतेय. तुमच्या वर्णनात दोन्ही बसत नाहीत.

पत्राकाम
सिलिकॉनबद्दल कोणी बोललं नाही. आंबट वास येणारं जे सिलिकॉन बाथरूमसाठी मिळतं, ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंजवतं. शिवाय त्याचा थर राहिला की त्यावर काच चिकटवायचं पॉलियुरेथेन धरत नाही. पाइपची परीक्षा काही निघो, ते सिलिकॉन ब्लेडनं पूर्ण खरवडून काढा.

काच खरंच गळत असेल तर वरून काही फासून उपयोग नाही. बदलताना चौकटीचा रंग खरवडला गेला आणि प्रायमर न लावता काच चिकटवली, तर गंज पॉलियुरेथेनखाली शिरतो आणि ते सुटतं. मग काच काढून गंज घासणे, प्रायमर, नवं पॉलियुरेथेन, हाच मार्ग. पण आधी पुढच्या काचेलगतच्या डाव्या खांबाचं आतलं प्लॅस्टिक काढा. मागचा पत्रा कोरडा असेल तर काचेला हात लावायचं कारण नाही.

वरचीगल्ली
सगळं करून बघितलं. सपाटीवरही मागची बाजू ओलीच. पन्हळीचं डावं भोक पूर्ण बंद, ब्लोअरच्या पंख्यात पानं. मागच्या डाव्या दारात पडदा स्पीकरभोवती कापलेला, पाइप धरल्यावर दोन मिनिटांत पावडरीत रेघ. खांबामागे कोरडं. दोन्ही कामं केली, काल रात्रीच्या पावसात पत्रा कोरडा राहिला. आता भिजलेल्या मॅटिंगचं काय?

रबरबीडिंग
वरून पंखा लावून सुकणार नाही, पाणी मॅटिंगखालच्या नमद्यात, म्हणजे फेल्टच्या जाड थरात आहे. डाव्या बाजूची सीट काढा, साधारण चार बोल्ट. सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा असू शकतो. सोडवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून काही मिनिटं थांबा. मॅटिंग उचलून खाली दोन विटा सारा, नमद्यावर वर्तमानपत्रं दाबून दर दोन-तीन तासांनी बदला, मग पंखा. पावसाळ्यात तीन-चार दिवस धरा. नमदा कुजला असेल तर नवा कापून घाला, महाग नाही. वासावर परफ्यूम मारू नका. पूर्ण सुकल्यावर खायचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवा आणि व्हॅक्यूमनं ओढा.

पत्राकाम
मॅटिंग खाली घालण्याआधी पत्रा बघा. वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशनं घासून झिंकचा प्रायमर, त्यावर रंग. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून आत गेलं तर प्रायमरनं भागणार नाही, वेल्डिंग लागेल. तळाची रबरी बुचंही चाचपा, कडक झालेली असतील तर बदला, नाहीतर साचलेल्या पाण्यातून गाडी घातली की खालून परत तेच. आणि उंबऱ्याकडेनं गेलेल्या वायरिंगचे कनेक्टर उघडून बघा. हिरवट पूड दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून सुकवा, मगच सीट बसवा.