मदत हवी आहे : हॅरी डीन स्टँटनचे जुने वेस्टर्न (काउबॉयवाले) एपिसोड कसे शोधायचे?

नमस्कार मंडळी, अमेरिकन नट हॅरी डीन स्टँटनचं जमेल तेवढं काम बघायचं ठरवलंय. 'एलियन' (१९७९) मधला त्याचा ब्रेट आठवतोय का, मांजर शोधत जातो आणि वरून गळणाऱ्या पाण्याखाली टोपी काढून नुसता उभा राहतो, चेहऱ्यावर पाणी घेत, तो सीन मी कितीदा बघितलाय! 'गॉडफादर' पार्ट टूमध्ये एफबीआयवाला, 'कूल हँड ल्यूक'मध्ये गाणारा कैदी, अशी बारकी बारकी कामं करत राहिला माणूस आणि मेन रोल मिळाला तो 'पॅरिस, टेक्सस'मध्ये, १९८४ साली, तेव्हा वय ५८ च्या आसपास. तिथे सुरुवातीला कितीतरी वेळ एक शब्द बोलत नाही तरी नजर हटत नाही, मला तर भरूनच येतं.

अडलंय ते टीव्हीपाशी. ५० आणि ६० च्या दशकात 'गनस्मोक'सारख्या बऱ्याच वेस्टर्न मालिकांत तो होता, पण तेव्हा क्रेडिटला नुसतं 'डीन स्टँटन' यायचं, त्यामुळे सर्च करताना फार गोंधळ होतो. कोणी एपिसोडची यादी केली असेल तर प्लीज द्या ना, आणि सबटायटल्ससकट कुठे मिळतील तेही सांगा, आईलाही दाखवायचेत.